पाय मागे

आज उतरल्यावर सांगून टाकायचं, असं मी ठरवलं होतं. हे माझं शेवटचं उड्डाण. पुढच्या रविवारपासून मी घरी. वाक्य पाठ केलं होतं. सकाळी दात घासताना आरशासमोर एकदा म्हणूनही पाहिलं होतं. आणि नेमका आजच वारा उतरू देईना.

मला विमान आवडत नाही. हे आधीच सांगून ठेवते, पुढे गैरसमज नको. पन्नाशी उलटलेली बाई स्वतः विमान चालवते म्हटलं की लोकांचे चेहरे उजळतात. एकदा एक पत्रकार मुलगी आली होती. "ढगांमध्ये गेल्यावर काय वाटतं हो?" म्हणाली. मी म्हटलं, "ढगांत जायची आम्हाला परवानगी नाही, बाळा." तिचा पार हिरमोड झाला. खरं उत्तर असं की शनिवारी संध्याकाळपासून माझ्या पोटात गोळा येतो आणि रविवारी चाकं टेकून इंजिन बंद झालं की जातो. मग सोमवार ते शुक्रवार मी माणसात असते. तीन वर्षं हेच चाललंय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त माझं तोंड मीच दाबून धरलेलं.

विमान नवऱ्याचं. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, मनात तो नुसता 'तो' असतो. ही सोय बऱ्याच बायकांनी करून ठेवलेली असते. विमान विकत आणलेलं नाही, त्याने घरी बांधलंय. अॅल्युमिनियमचे पत्रे आणि नकाशांची भेंडोळी घेऊन तो नऊ वर्षं मागच्या खोलीत ठोकत बसला होता. मागच्या खोलीत पंख होते म्हणून शेपूट आमच्या बेडरूममध्ये होती. दोन वर्षं मी पलंगावर चढायला शेपटीखालून वाकून जात होते. पाहुण्यांना वाटायचं, गंमत आहे. पाहुण्यांचं काय जातं!

पत्रे जोडायचे रिव्हेट ठोकायला दोघं लागतात. एक बाहेरून ठोकणार, दुसरा आतून लोखंडी ठोकळा दाबून धरणार. शेपटीच्या निमुळत्या नळकांड्यात तो मावत नव्हता. मी मावत होते. "लहानखुरी बायको केली ते बरं झालं," असं सगळ्यांना सांगायचा. मी त्या पत्र्याच्या पोटात पालथी पडून, कानात बोळे घालून, त्याच्या एकेका ठोक्याला आतून ठोकळा द्यायची. बाहेर यायचं तर आधी पाय, मग कंबर, मग डोकं. कधीकधी तो मध्येच फोन घ्यायला जायचा आणि मी आत आहे हे विसरायचा. मी आतून पत्रा वाजवायची. एकदा तर फोन आटोपून तो चहा करून घेऊन आला, दोघांचा, आणि मला घरभर शोधत बसला.

माझं माप त्याने एवढ्यापुरतंच घेतलं. बाकी सगळं विमान त्याच्या मापाचं. तो ताडमाड उंच. पाठ टेकून बसला की तळवा पेडलवर नेमका पडावा, अशा बेताने त्याने सीट पत्र्याला रिव्हेट मारून कायमची बसवून टाकली. सरकती सीट करता आली असती, पण तिला रूळ लागतात, रुळांना वजन असतं, आणि वजन म्हणजे याचा सात जन्मांचा वैरी. रंगाचा दुसरा हात द्यायलासुद्धा तयार नव्हता. "मी कधी चालवायला बसले तर?" असं मी विचारलं होतं. "तू कशाला बसतेस?" म्हणाला. बाजूच्या सीटपुढेही पेडलं आहेत, पण ती तपासायला येणाऱ्या साहेबांसाठी.

दोन वर्षं तो उडला. त्या दोन वर्षांत तो इतका खुश होता की मला त्याचा हेवा वाटायचा. मग डोळे गेले. म्हणजे पूर्ण नाही. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आला, कडेचं दिसतं पण बघावं तिथलं दिसत नाही. माझा चेहरा बघायचा असला की तो माझ्या कानाकडे बघतो. लायसन गेलं. त्यानंतर रोज संध्याकाळी तो हँगरमध्ये जाऊन, विमानाची काच ओढून घेऊन, आत नुसता बसून राहायला लागला. घरी आला तरी ताटातलं निम्मं टाकायचा. मुलगी म्हणाली, "आई, बाबांचं काही खरं नाही." मी घाबरले. आणि एका सकाळी तोच म्हणाला, "तू शीक ना. दिवसभर लोकांना गाडी शिकवतेसच की."

ते खरं आहे. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. माझ्या बाजूला जादा ब्रेक असतो आणि शेजारी घामाघूम झालेला कोणीतरी. त्यामुळे एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे: एका पेडलवर दोघांचे पाय आले की गाडी खड्ड्यात. तरी मला लायसन मिळाल्यावर पहिल्याच महिन्यात नवऱ्याने ते केलंच. उतरताना मी डावा पाय दाबला, त्याच वेळी त्याने त्याच्या बाजूने उजवा, केवळ सवयीने, आणि विमान धावपट्टीवरून गवतात जाऊन थांबलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याच्यावर ओरडले. तेव्हापासून नियम आहे. उतरायच्या आधी मी विचारते, "पाय?" त्याने पाय सीटखाली ओढून घ्यायचे आणि म्हणायचं, "मागे." ते ऐकल्याशिवाय मी इंजिन कमी करत नाही. तोंडाला मात्र नियम लावता आला नाही. "नाक जरा वर. वेग बघ. अगं, वेग." समोरचं न दिसणारा माणूस, पण उंटावरून शेळ्या हाकायला डोळे लागत नाहीत.

आज सकाळी निघालो तेव्हा पान हलत नव्हतं. तलावावरून एक फेरी, दगडाच्या खाणीवरून दुसरी, नेहमीचंच. तो काचेला कान लावून इंजिन ऐकत होता. मी मनात वाक्य घोळवत होते. परत वळलो तर पश्चिमेकडे जमिनीपासून आभाळापर्यंत मातकट पडदा उभा होता आणि विमान बसल्या जागी हिसके द्यायला लागलं.

रेडिओवर कॅप्टन होता. कॅप्टन म्हणजे आमच्या मैदानाचा पेट्रोलवाला. त्याने आयुष्यात काहीही उडवलेलं नाही, म्हणून सगळे त्याला कॅप्टन म्हणतात.

"वहिनी, वारा सुटलाय बरं का," तो म्हणाला. "डावीकडून. एकदम आडवा. विंडसॉकची पिशवी काठीसारखी ताठ झालीय."

आमच्याकडे धावपट्टी एकच. डाव्या बाजूला उघडं माळरान, उजव्या बाजूला हँगरची रांग, पलीकडे विजेच्या तारा आणि घरं. आडव्या वाऱ्यात उतरायचं कसं, ते मला शिकवलेलं आहे आणि ते समजायलाही अवघड नाही. ओढ असलेल्या नदीत नाव पलीकडे न्यायची तर नावाडी नाक थोडं वरच्या अंगाला ठेवतो, तसं विमानाचं नाक वाऱ्याकडे वळवून तिरकं तिरकं खाली यायचं. पण चाकं टेकायच्या आधी नाक सरळ करावंच लागतं. तिरकं टेकलं तर चाकं मोडतात, विमान उलटतं. नाक सरळ करतं शेपटीवरचं उभं सुकाणू, आणि ते चालतं पायाने. वारा डावीकडून असला की उजव्या पायाने.

"पाय?" मी विचारलं.

"मागे," तो म्हणाला.

मी खाली आले. तिरकी, पण व्यवस्थित. धावपट्टी काचेच्या उजव्या बाजूला दिसत होती. हँगरचे पत्रे जवळ आले तशी मी उजवा पाय दाबायला लागले. नाक हललं. अजून दाबला, अजून हललं. आणि मग पेडल माझ्या पायाखालून पुढे निघून गेलं. टाच सुटली, चवडा सुटला, बुटाचं टोक तेवढं राहिलं. मी पाठीने उशीवर जोर दिला, तर उशी दबली आणि मीच मागे गेले. नाक अजून डावीकडेच होतं आणि आम्ही सरळ हँगरच्या दिशेने सरकत होतो.

मी थ्रॉटल पुढे ढकलला. इंजिन किंचाळलं, कॅप्टनचं टोपी धरलेलं डोकं खालून गेलं, आणि आम्ही पुन्हा वर.

"काय झालं? चांगली येत होतीस की!" नवरा म्हणाला.

"पाय पुरला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! पेडल संपायच्या आधी माझा पाय संपला."

तीन वर्षांत आम्ही नेहमी सकाळच्या पडलेल्या वाऱ्यात उडलो. पेडल एवढं खोल दाबायची पाळीच आली नव्हती. वैमानिकांच्या शाळेच्या विमानात, जिथे मी शिकले, तिथे सीट पुढे सरकायची. इथे पाठीमागे एक उशी घेतली की काम भागायचं, आणि काम भागतंय तोवर कोण बघतंय!

"उशी घेतलीस ना?" त्याने विचारलं.

"उशी स्पंजाची आहे. जोर दिला की पापड होतो तिचा."

"मग थोडी खाली सरक. पट्टा सैल कर."

तेही केलं. दुसऱ्या खेपेला पट्टा सैल करून मी सीटवर घसरून बसले. पाय पुरला. पेडल तळाला लागलं, नाक सरळ झालं असावं. असावं म्हणते, कारण मला काहीच दिसत नव्हतं. डोळ्यांसमोर इंजिनाचं झाकण आणि वर आभाळ. धावपट्टी कुठे आहे, जमीन किती खाली आहे, काही कळेना. एक आंधळा शेजारी बसलाच होता, आता दुसरी झाले. डावा पंख एकदम उचलला गेला, तो खाली दाबताना हातातली स्टिक माझ्या मांडीवर आपटली, आणि मी पुन्हा थ्रॉटल दाबला.

पुन्हा वर. काचेच्या त्या बुडबुड्यात आम्ही दोघं खांद्याला खांदा घासत बसलो होतो. ऊन नव्हतं तरी घामाच्या धारा लागल्या होत्या. माझ्या हाताला त्याचा हात लागत होता, थंडगार. पाच बोटं इकडे सरकायला जागा नाही आणि खाली उतरायला जमीन नाही. मला त्या शेपटीच्या नळकांड्याची आठवण झाली. तिथे निदान पत्रा वाजवता यायचा.

"दुसऱ्या मैदानावर जाऊ," तो म्हणाला.

"पेट्रोल बघा." मग माझंच मला कळलं की तो बघू शकत नाही. "पाव टाकीच्या खाली आलंय काट्याचं टोक. तिथवर पोचणार नाही."

"अर्धी टाकी पुरे असं मीच म्हटलं होतं," तो हळूच म्हणाला. "वजन नको म्हणून."

"हो. तुम्हीच."

भांडायचं असतं तर त्या क्षणी तीस वर्षांचं सामान हाताशी होतं. पण भांडायला दोन्ही हात मोकळे लागतात.

"वहिनी," कॅप्टन रेडिओवर म्हणाला, "घाई नाही, पण धूळ जवळ आलीय. एकदा ती आली की धावपट्टी दिसणार नाही. काय करताय?"

काय करायचं ते मला कळलं होतं. खरं म्हणजे पहिल्या खेपेलाच कळलं होतं, आणि ते टाळायलाच मी दुसरी खेप केली. बाजूच्या सीटवर बसलेल्या माणसाचे पाय लांब होते. त्याच्यापुढेही पेडलं होती, माझ्या पेडलांना जोडलेली. डोळे माझे, पाय त्याचे. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. मला निदान नवऱ्याचे धरायचे होते.

पण मी त्याला ओळखते. बोट दिलं की मनगट धरणारा माणूस. ते पाय मी सीटखाली ढकलले होते, तेवढीच एक जागा या विमानात माझी होती. एकदा ते परत घेतले की ते पुन्हा मागे जाणार नाहीत. आणि आजचं माझं वाक्य? ज्याच्या पायांनी जीव वाचला त्याला खाली उतरून काय तोंडाने सांगायचं, की आता पुरे? विमान हेलकावे खात होतं, काटा खाली जात होता, आणि मी हा असला हिशेब करत होते. माणूस मरणाच्या दारातही स्वतःचंच बघतो, दुसरं काय.

मग मुलगी डोळ्यांपुढे आली. ती आज जेवायला येणार होती, किल्ली तिच्याकडे होती, आतापर्यंत ताटं मांडून बसली असेल.

"अहो," मी म्हटलं. "पाय द्या."

"काय?"

"पेडलवर पाय ठेवा तुमचे. मी माझे काढतेय."

तो माझ्या कानाकडे बघायला लागला. "अगं, मला दिसत नाही."

"दिसायचं काम माझं. तुम्ही फक्त दाबायचं. मी उजवा म्हटलं की उजवा. अजून म्हटलं की अजून. धरा म्हटलं की दगड व्हायचं. स्वतःच्या मनाने तसूभर हलायचं नाही, सवय बिवय काही नाही. कळलं?"

"कळलं."

"आणि तोंड बंद."

"बरं," तो म्हणाला. इतक्या बारीक आवाजात मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

मी माझे पाय सीटखाली ओढून घेतले. पट्टा घट्ट केला, उशीवर ताठ बसले, सगळं नीट दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा विमान चालवताना माझे पाय रिकामे होते. फार विचित्र वाटलं, आणि खोटं का बोलू, थोडं बरंही वाटलं.

तिसऱ्यांदा वळलो. धुळीचा पडदा माळरानाच्या कडेला आला होता. मी नाक वाऱ्याकडे ठेवून तिरकी खाली आणली. गाडीत नवख्यांशी बोलते तोच आवाज मी काढला, त्यात ना राग असतो ना माया. "आत्ता काही नाही. काही नाही. अजून वेळ आहे." हँगर आले. धावपट्टीचं तोंड आलं. "आता उजवा. हळू. अजून. अजून." नाक सरळ व्हायला लागलं. वारा आम्हाला उजवीकडे ढकलायला लागला, तशी मी स्टिक डावीकडे घेतली, डावा पंख वाऱ्यात खाली दाबला. "अजून. अजून थोडा. धरा."

त्याने धरला. पेडल तळाला होतं आणि त्याच्या मांडीचा स्नायू माझ्या मांडीला लागून थरथरत होता, पण पेडल हललं नाही. विमान एका खांद्यावर कललेलं, नाक मात्र धावपट्टीच्या रेघेवर. डावं चाक टेकलं. एकटंच, बराच वेळ. मग उजवं. मग नाक खाली आलं. "धरा, धरा, अजून सोडू नका." वारा शेपूट फिरवायला बघत होता. "आता थोडा सोडा. अजून थोडा. ब्रेक मी मारते, तो हाताचा आहे." आम्ही सरळ धावत गेलो, हळू झालो आणि थांबलो.

मी इंजिन बंद केलं. पोटातला गोळा मात्र आज गेला नाही.

कॅप्टन पळत आला, त्याने आणि नवऱ्याने मिळून विमान ढकलत हँगरमध्ये घातलं आणि दार ओढून घेतलं तेवढ्यात धूळ आली. बाहेरचे पत्रे धडाधड वाजायला लागले. कॅप्टन म्हणाला, "वहिनी, मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तर तुम्ही उभ्या!" मग तो पेट्रोलचं शेड उडालं की काय ते बघायला मागच्या दाराने गेला. आम्ही दोघंच उरलो.

नवरा पंखाला टेकून उभा होता आणि रडत होता. हसतही होता. "तू बघितलंस?" म्हणाला. "तसूभर हललो नाही. तू धरा म्हणालीस, मी धरला."

"बघितलं," मी म्हटलं.

"तीन वर्षांनी पायाला वारा लागला गं. पेडलमध्ये कळतो तो, अख्खा वारा पायात येतो. तुला सांगून नाही कळायचं."

मला कळत होतं. त्याचाच तर त्रास होता. आता बोलले नाही तर कधीच बोलता येणार नाही, हेही कळत होतं. मी पाठ केलेलं वाक्य आठवायला गेले, ते आठवेना, मग जसं आलं तसं म्हटलं. "अहो, ऐका. मी आता विमान चालवणार नाही. पुढच्या रविवारी नाही, कधीच नाही."

"कळलं मला," तो म्हणाला.

मला खरंच वाटलं की कळलं.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. आमच्या संसारात हे वाक्य याआधी झालेलं नव्हतं. "तीन वर्षं तू अशी अवघडून बसलीस, पाय पुरत नाहीत, उशी दबतेय, आणि मी शेजारी बसून तुला अक्कल शिकवतोय. एकदा विचारलं नाही मी. पाय पुरत नसले की भीती वाटणारच."

"भीती आजची नाही. पायांचीही नाही. मला आवडतच नाही."

"कसं आवडेल? दुसऱ्याच्या मापाच्या बुटात चालायला कोणाला आवडतं?" त्याने डोळे पुसले. हाताने चाचपत तो अवजारांच्या फळीकडे गेला होता. "सीट काढतो. सगळे रिव्हेट काढतो आणि तुझ्या मापाने पुढे घेतो. वाटलं तर रूळ लावतो. वजन वाढलं तर वाढू दे!"

वजन वाढू दे, असं म्हणाला तो.

"तुम्ही ऐकताय का? मला उडवायचंच नाहीये."

"अगं, म्हणूनच तर माप घेतोय," तो म्हणाला. "बस ना जरा. एकदाच. पाठ टेकून बस."

त्याच्या हातात टेप होती. चेहरा असा झाला होता की तो मी त्याचे डोळे गेल्यापासून पाहिला नव्हता. ताटातलं निम्मं टाकणारा माणूस असा नव्हता दिसत. मी नाही म्हणून दाराकडे चालू लागायला हवं होतं; दाराबाहेर धूळ होती, हे कारण सांगता येईल, पण ते खरं नाही. मी पंखावर पाय देऊन आत चढले आणि बसले.

तो पलीकडून आत शिरला आणि अंग दुमडून पुढच्या काट्यांच्या तक्त्याखाली गेला. एवढा उंच माणूस, मुटकुळं करून माझ्या पायांशी पडला होता. त्याने हाताने पेडल तळापर्यंत दाबलं, टेपचं एक टोक माझ्या पाठीमागे खोचलं, दुसरं माझ्या टाचेला लावलं. "गुडघा सैल सोड," म्हणाला. "इतकं काय आवळून धरलंयस." त्याची बोटं माझ्या घोट्यावर होती, उबदार झाली होती आता. या विमानात माझ्यासाठी म्हणून काही होण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि मला हुंदका आला. तो त्याला नक्की आनंदाचा वाटला असणार.

"आकडा तू वाच," तो खालून म्हणाला. "मला टेपवरचं दिसत नाही."

मी टेपकडे बघितलं. मी काहीही सांगू शकले असते. चार बोटं जास्त सांगितलं असतं तर त्याने ते मान्य केलं असतं, सीट तिथे कायमची ठोकली असती, आणि मग ते विमान ना त्याच्या मापाचं राहिलं असतं ना माझ्या. पुन्हा कोणी उडालं नसतं. मला ते सुचलं, आणि सुचलं तेव्हा तो तक्त्याखालून मान वळवून वर बघत होता, माझ्या कानाकडे.

"वाच ना," तो म्हणाला.

मी वाचला. खरा आकडा वाचला.

विसरू नये म्हणून त्याने तो दोनदा पुटपुटला, आणि म्हणाला, "हलू नकोस हं. आता डावा."